हिवाळी शिखरे आणि ऐकणारे कान

इंग्लंडच्या वायव्य भागात, लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात, हेल्वेलिन नावाचा 950 मीटर उंचीचा एक डोंगर आहे. नुसत्या उंचीचा हिशेब मांडला तर तो आपल्या रायगडाहून थोडा चढ आणि सिंहगडाहून बराच उतार ठरेल. परंतु साडेचोपन्न उत्तर अक्षांशावरील या डोंगराची योग्यता त्याच्या मीटरांवरून ठरविणे अन्यायाचे होईल, कारण डिसेंबर लागला की अटलांटिकवरून येणारा वारा, त्याच्याबरोबर येणारे हिम आणि जेमतेम सव्वासात तासांचा दिवस ही तिन्ही मिळून त्या माथ्याची जी अवस्था करतात, तिची कल्पना सह्याद्रीच्या कोणत्याही ऋतूवरून येणार नाही. पूर्वेकडील कड्यांवर गोठलेल्या हिमाचे छज्जे पोकळीवर झुकलेले असतात. स्ट्रायडिंग एज या नावाने प्रसिद्ध असलेली अरुंद धार तर अनुभवी गिर्यारोहकांनाही बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे पोलादी काटे घेतल्यावाचून ओलांडवत नाही. वरची खरी स्थिती खालच्या लोकांना कळावी म्हणून राष्ट्रीय उद्यानातर्फे खास माणसे नेमलेली असून, डिसेंबरपासून ईस्टरपर्यंत त्यांच्यापैकी एक जण रोज माथ्यावर जाऊन हिम, वारा आणि तापमान यांचा तारीखवार दाखला देत असतो. 22 डिसेंबर 1926 रोजी जॉन लीमिंग आणि बर्ट हिंकलर यांनी याच माथ्यावर विमान उतरवून पुन्हा उडविले, त्याची स्मृतिशिला तेथे आहे. आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर, वाऱ्याला पाठ देऊन बसता यावे म्हणून रचलेला, चार बाजूंना भिंती फाकलेला दगडी आडोसा आहे.

या आडोशाला हिवाळ्याच्या दिवसांत कधी कधी एक माणूस मांडीवर वही ठेवून बसलेला दिसतो. शेजारी वेताच्या काठीसारखा लवचीक, सहा-सात मीटरांचा दांडा उभा असतो, त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना बारीक तार उतरलेली असते, आणि त्या माणसाच्या कानाला श्रवणयंत्र, म्हणजे हेडफोन, लावलेले असते. हा हौशी रेडिओचा परवानाधारक, म्हणजे हॅम होय. तो येथे 'समिट्स ऑन द एअर' या उपक्रमाच्या निमित्ताने आलेला असतो. 2 मार्च 2002 रोजी ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम आज अनेक खंडांत पसरला आहे. त्याचे नियम थोडे, पण कडक आहेत. सर्व सामान स्वतःच्या पाठीवर वाहून न्यावयाचे. शेवटचा चढ वाहनावाचून चढावयाचा. वीज वाहनाची किंवा इंधनावर चालणाऱ्या जनित्राची घ्यावयाची नाही. ठाणे माथ्यापासून 25 मीटर उभ्या अंतराच्या आत मांडावयाचे. आणि निदान चार वेगवेगळ्या केंद्रांशी प्रत्यक्ष संपर्क साधावयाचा, मधल्या पुनःप्रक्षेपकाच्या मध्यस्थीने झालेला संपर्क हिशेबात धरावयाचा नाही. शिखराच्या उंचीप्रमाणे एकापासून दहापर्यंत गुण मिळतात. ब्रिटनमधील उंच शिखरांवर 1 डिसेंबर ते 15 मार्च या मुदतीत तीन गुण वाढवून देण्याचा शिरस्ता आहे, आणि ज्याने एकदा तरी हिवाळ्यात असे ठाणे मांडले असेल तो या तीन गुणांना खिरापत म्हणणार नाही.

हा सारा खटाटोप पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच वर बसलेल्या माणसाकडे जाते. त्याच्या धैर्याविषयी मला आदर आहे. तथापि या विषयात जितके खोल जावे तितके माझे मत दृढ होत गेले आहे की, या उद्योगाचा निम्म्याहून अधिक भार खाली घरात बसून ऐकणारे लोक वाहतात, आणि हौशी रेडिओचा इतिहास लिहिताना ज्यांचे नाव पहिल्याने यावयास हवे ते हे ऐकणारेच होत.

प्रथम वरच्या माणसाची बाजू पाहू. त्याच्याजवळच्या यंत्राची शक्ती बहुधा पाच वॉट असते, म्हणजे घरातील लहानशा दिव्याला लागावी इतकी. परंतु उंची ही स्वतःच एक शक्ती आहे. सुमारे 145 मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि वातावरणात त्या किंचित वाकत असल्यामुळे त्यांचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे दूर असते. मीटरांत मोजलेल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला 4.12 ने गुणले की ते अंतर किलोमीटरांत मिळते. हेल्वेलिनच्या बाबतीत ते सुमारे 127 किलोमीटर येते. समोरचा माणूसही तितक्याच उंच डोंगरावर असेल तर दुप्पट. याउलट 7 मेगाहर्ट्‌झच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात, आणि त्यांच्यासाठी लागणारी तार सुमारे 20 मीटर लांबीची असते. तिचा मध्य दांड्याच्या टोकाला आणि दोन्ही शेवट जमिनीजवळ बांधले की झाले. हिवाळ्यात सूर्य कललेला असल्यामुळे आयनांबराचा सर्वांत खालचा थर, जो या लहरी शोषून घेतो, दुबळा पडतो. आणि वरच्या थराचे तर असे नवल आहे की, उत्तर गोलार्धात भर हिवाळ्याच्या दुपारी त्याची घनता उन्हाळ्यातल्यापेक्षा अधिक भरते. सूर्यावरील डागांचे चक्र जोरात असेल त्या वर्षी 28 मेगाहर्ट्‌झवर पाच वॉटांत अटलांटिकपारचा माणूस उत्तर देतो, तो या थराच्या कृपेने.

याशिवाय डोंगरावर शांतता असते, आणि येथे मला केवळ कानाची शांतता अभिप्रेत नाही. शहरातील प्रत्येक घर हे आता विद्युत्-कोलाहलाचा कारखाना झाले आहे. दिवे, चार्जर, दूरदर्शनचे पडदे, छपरावरचे सौरसंच हे सर्व अहोरात्र बारीक कुरकुर करीत असतात आणि ती कुरकुर रेडिओला मोठ्या गोंगाटासारखी ऐकू येते. माथ्यावर त्यातले काही नाही. म्हणून वरचा माणूस फार स्वच्छ ऐकतो. परंतु त्याचे पाच वॉट मात्र त्या शहरी कोलाहलातच जाऊन पडतात. शंभर वॉटांच्या केंद्राशी तुलना करता त्याचा संदेश तेरा डेसिबलांनी फिका असतो. तो फिका आवाज गोंगाटातून वेगळा काढणे, त्यातली दोन अक्षरे निसटली असतील तर ती पुन्हा मागून घेणे, आणि हे सर्व होईपर्यंत धीर न सोडणे, हे काम खालच्याला करावे लागते.

हिवाळा या व्यवहारात आपला हिस्सा वसूल केल्यावाचून राहत नाही. पायथ्याच्या थर्लमिअर सरोवराशी चार अंश तापमान असले तर माथ्यावर ते सर्वसाधारणपणे शून्याच्या खाली गेलेले असते, आणि वारा धरला तर शरीराला जाणवणारी थंडी याहून कितीतरी अधिक. लिथियमच्या बॅटऱ्या गारठ्यात आपली पुरती क्षमता देत नाहीत. म्हणून जाणता माणूस बॅटरी पिशवीत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवतो आणि तेथून तार बाहेर काढतो. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे सुस्तावतात. चाकी फिरविली तरी नवा आकडा जुन्याच्या सावलीतून हळूहळू वर येतो. केबल ताठ होते आणि गुंडाळलेली वेटोळी सोडू म्हणत नाही. दांड्याच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत ओल शिरली तर त्या गोठून परस्परांना चिकटतात, आणि अंधार पडू लागला असताना हातमोजे काढून उघड्या तळव्यांच्या उबेने एकेक सांधा सोडविण्याची पाळी येते. शाईचे पेन लिहीत नाही. नोंदवही शिसपेन्सिलीनेच लिहावी लागते.

यातला एक चमत्कार थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. कोरडे, बारीक हिम वाऱ्याबरोबर तारेवर आपटू लागले की प्रत्येक कण आपल्याजवळचा विद्युद्भार तिला देऊन जातो. बाहेर काही दिसत नाही. श्रवणयंत्रात मात्र प्रथम एक सुसकारा उठतो, तो वाढत वाढत शिट्टीसारखा चढतो, मग तडतड सुरू होते, आणि तारेचे टोक यंत्रापासून सोडवून हाती धरले तर बोटाला ठिणगीचा चटका बसतो. अशा वेळी यंत्राच्या नाजूक प्रवेशभागाला इजा पोहोचण्याचा संभव असतो. म्हणून तारेवर साचलेला भार जमिनीत निघून जावा यासाठी एक मोठा रोधक जोडून ठेवण्याची तजवीज शहाणे लोक आधीच करतात. त्या तडतडीखाली समोरच्याचा मोर्स-संकेत बुडालेला असतो. सरीला उसंत पडली की तो पुन्हा वर येतो, आणि मधल्या काळात त्याने आपले नाव सांगणे थांबविलेले नसते.

ऐकणाऱ्याच्या श्रेयाचा हा प्रश्न रेडिओइतकाच जुना आहे. 12 डिसेंबर 1901 रोजी, म्हणजे हिवाळ्यातच आणि टेकडीवरच, मार्कोनी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे सिग्नल हिलवर बसला होता. त्याचा एक फुगा वाऱ्याने आधीच तोडून नेला होता. म्हणून पतंगाच्या साहाय्याने सुमारे दीडशे मीटर तार वादळी आकाशात चढवून त्याने कॉर्नवॉलमधील पोल्ढू केंद्राकडून येणारे 'एस' या अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचे जाहीर केले. पुरावा त्याच्या आणि त्याचा सहायक केंप याच्या कानांचा. फेब्रुवारी 1902 मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावर त्यानेच केलेल्या प्रयोगात मात्र असे आढळले की, त्या लहरी दिवसा सुमारे 700 मैलांपलीकडे पोहोचत नाहीत. आणि सिग्नल हिलवरचा प्रयोग तर दिवसाउजेडी झाला होता. यावरून त्या ठिपक्यांविषयी पंडितांत आजतागायत वाद आहे. माझा कौल संशय घेणाऱ्यांकडे झुकतो. पण त्यामुळे मार्कोनीची थोरवी कमी होते असे मला वाटत नाही. ऐकण्याची उत्कट इच्छा माणसाला काय ऐकवू शकते याची जाणीव मात्र त्याने पुढील पिढ्यांना करून दिली, आणि त्रयस्थ साक्षीदारावाचून कानाची ग्वाही मानू नये हा दंडक रूढ झाला.

त्याची फलश्रुती 1921 च्या डिसेंबरात दिसली. हौशी लोकांच्या लहान केंद्रांचा आवाज अटलांटिक ओलांडतो की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकन हौशी संघटनेने पॉल गॉडली या कुशल श्रोत्याला मुद्दाम स्कॉटलंडला धाडले. त्याने आर्ड्रोसन येथे समुद्रकाठच्या शेतात तंबू ठोकला, सुमारे चारशे मीटर लांबीची तार खांबांवरून ताणली, आणि पाऊस, वारा व ओल यांत रात्रीमागून रात्री तो तेलाच्या दिव्याशी, यंत्राला कान लावून बसला. मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर तंबूत होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कनेटिकटमधील ग्रीनिच येथून पाठविलेला संपूर्ण मजकूर त्याने उतरवून घेतला, आणि त्या मुक्कामात अमेरिकेतील दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रे त्याच्या कानी पडली. गॉडलीने तेथून एक शब्दही प्रक्षेपित केला नाही. त्याने केवळ ऐकले. पण 1923 च्या नोव्हेंबरात फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात दोन्ही बाजूंनी झालेल्या पहिल्या हौशी संभाषणाचा मार्ग त्या ऐकण्याने मोकळा झाला.

1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी लोकांची प्रक्षेपणयंत्रे जप्त केली. बोलण्याची मुभा गेली. कान मात्र शिल्लक राहिले, आणि सरकारलाच त्यांची गरज पडली. रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस या गुप्त खात्याने या लोकांना स्वयंसेवक म्हणून रुजू करून घेतले. दिवसा नोकरी, रात्री घराच्या माडीवर बसून जर्मन हेरखात्याचे क्षीण मोर्स-संकेत उतरवून घेणे, आणि ते कागद बार्नेट येथील टपालपेटी क्रमांक 25 कडे रवाना करणे, असा त्यांचा क्रम असे. तेथून ते ब्लेचली पार्कच्या संकेतभेद करणाऱ्यांच्या हाती जात. पाठविलेल्या कागदांचे पुढे काय होते हे त्यांना कळत नसे, आणि घरच्यांनाही सांगण्याची परवानगी नव्हती. रात्रीच्या रात्री कोणी न सांगता इतके ऐकणारी माणसे छंदाने घडविली होती, खात्याने नव्हे.

आजचे श्रोते त्यांच्याच परंपरेतले आहेत. शिखरावरच्या माणसाने अमुक लहरीवर हाक घातली असे कळताच इंग्लंड, जर्मनी, स्पेन येथील पाच-पंचवीस माणसे आपापल्या खोल्यांत श्रवणयंत्रे चढवितात. त्यांत निवृत्त लोक पुष्कळ असतात. आजाराने किंवा वयाने ज्यांचे डोंगर चढणे सुटले आहे असेही असतात. संपर्काचा मजकूर अगदी तुटक असतो: दोघांची संकेतनामे, आवाज किती स्पष्ट आला त्याचे तीन आकडे, शिखराचा क्रमांक, आणि निरोपाचे '73'. वरच्याची बोटे गारठली आहेत हे खालच्याला ठाऊक असते. म्हणून तो एकही ठिपका फुकट खर्च करीत नाही, आणि आपला आवाज मोठा असला तरी क्षीण आवाजाच्या शेजाऱ्याला अगोदर वाट देतो. उपक्रमाच्या संस्थापकांनी हे ओळखले याचा मला फार आनंद वाटतो: हजार गुण मिळविणाऱ्या आरोहकाला 'माउंटन गोट' ही पदवी, तर घरात बसून तितकेच गुण मिळविणाऱ्या श्रोत्याला 'शॅक स्लॉथ' ही पदवी त्यांनी ठेवली आहे.

एका शिखराचे गुण एका वर्षात एकदाच मिळतात, आणि वर्षाचा हिशेब जागतिक प्रमाणवेळेने होतो. ब्रिटनची हिवाळी वेळ आणि ही प्रमाणवेळ एकच असल्यामुळे काही धाडसी मंडळी 31 डिसेंबरच्या रात्री दिवा आणि झोपण्याची पिशवी घेऊन शिखर गाठतात, बाराच्या अगोदर चार संपर्क करून जुन्या सालाचे गुण पदरात पाडून घेतात, आणि बारा वाजून गेल्यावर वहीत रेघ ओढून, नवे साल घालून पुन्हा हाक देतात. नव्या वर्षाचे चार संपर्क पुरे होण्यासाठी खाली निदान चार माणसे जागी असावी लागतात. आणि ती असतात, दरवर्षी, आतषबाजी सोडून यंत्राशी बसलेली.