ऑनलाइन विक्रीसाठी मालाच्या नावाची नोंदणी

डहाणू, घोलवड व बोर्डी या भागातील चिकू पुष्कळ वर्षांपासून मुंबईच्या बाजारात जात आहे. घाऊक बाजारात फळाची पारख डोळ्यांनी व हाताने होते. त्यामुळे पेटीवर बागाईतदाराचे नाव असले काय किंवा नसले काय, भावात फारसा फरक पडत नाही. ऑनलाइन बाजारपेठेची गोष्ट निराळी आहे. तेथे गिऱ्हाईक माल चाचपून पाहू शकत नाही. छायाचित्र, वर्णन आणि नाव एवढ्यावरच तो मागणी नोंदवितो. माल पसंत पडला तर पुढच्या वेळी तो नावानेच शोधतो. ते नाव दुसऱ्या कोणी उचलले, तर पहिल्याने कमावलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. म्हणून चिकूचे वाळवलेले काप, चिकूची भुकटी, कोलम तांदूळ असा टिकाऊ माल या मार्गाने विकू पाहणाऱ्यांनी नावाच्या नोंदणीची माहिती आधीच करून घेणे इष्ट होय.

येथे दोन प्रकारची नावे असतात व त्यांची गल्लत वारंवार होते. एक नाव मुलखाचे. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाची भौगोलिक मानांकन म्हणून २०१६ साली नोंद झाली असून ती महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे आहे. वाडा कोलम तांदळाला असे मानांकन २०२१ साली मिळाले. २०१८ साली हापूस आंब्याला जे मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व ठाणे यांच्याबरोबर पालघर जिल्ह्याचाही समावेश आहे. अशी नावे त्या त्या क्षेत्रातील सर्व उत्पादकांची सामाईक असतात. दुसरे नाव उत्पादकाचे स्वतःचे असते. त्याला व्यापारचिन्ह म्हणतात आणि ते एकट्या मालकाचे असते.

समजा, पाम येथील एखाद्या महिला बचत गटाने ‘घोलवड चिकू चिप्स’ हेच आपले व्यापारचिन्ह म्हणून अर्ज केला. हा अर्ज टिकणार नाही. मालाची जात, गुण, उपयोग किंवा उत्पत्तिस्थान एवढेच सांगणारे नाव व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये सामान्यतः नोंदता येत नाही आणि मानांकित नाव एकाच्या मालकीचे करण्यास भौगोलिक मानांकनाचा कायदाही आडकाठी करतो. ‘गोड’, ‘शुद्ध’, ‘गावरान’ या शब्दांची गतही तीच. याच्या उलट, त्याच गटाने ‘साळुंकी’ असे नाव घेतले, तर पक्ष्याचा व चिकूच्या कापांचा काही संबंध नसल्यामुळे ते नाव वेगळे उठून दिसते व त्यावर हक्क सांगता येतो. अर्थात, त्याच प्रकारच्या मालावर तसेच किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कोणी आधी नोंदलेले नसावे. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो. लेबले छापून घेण्यापूर्वी तो घ्यावा. उच्चार सारखा असला तरी हरकत येते, हे लक्षात ठेवून नाव दोन-तीन प्रकारे लिहून शोधावे.

मुलखाच्या नावाचा लाभ मात्र सोडण्याचे कारण नाही. ठरविलेल्या क्षेत्रातील उत्पादकाला मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदविता येते. त्याचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते, ते २०२० साली १० रुपये करण्यात आले. आपले गाव त्या क्षेत्रात मोडते की नाही हे मूळ नोंदीत पाहून घ्यावे. अशी नोंद झाली म्हणजे पुडक्यावर आपले ‘साळुंकी’ नाव ठळक व त्याखाली मानांकित नाव, अशी दोन्ही नावे शोभतात.

यानंतरचा प्रश्न नोंदणी कोणाच्या नावाने करावयाची हा असून त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बचत गटाची पुष्कळदा स्वतंत्र कायदेशीर नोंदणी नसते. त्यामुळे ज्या सभासदाला कागदपत्रे करता येतात, त्याच्या एकट्याच्या नावे अर्ज जातो. पुढे गटात फूट पडली, तर दहा जणींच्या श्रमाने मोठे झालेले नाव कायद्याने एकीचे ठरते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गटाच्या बैठकीत उघडपणे मांडावी. गटाने शेतकरी उत्पादक कंपनी अथवा सहकारी संस्था स्थापन करून तिच्या नावे अर्ज करावा, हा उत्तम मार्ग. ते तूर्त शक्य नसल्यास एकापेक्षा अधिक सभासदांच्या संयुक्त नावे अर्ज करता येतो. नावाच्या मालकीविषयीचा ठरावही सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. मुंबईच्या गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांचे ‘लिज्जत’ हे नाव आज सर्वतोमुखी आहे, आणि ते कोणा एकीचे नसून संस्थेचे आहे.

अर्ज ‘टीएम-ए’ या नमुन्यात करावा लागतो. व्यक्ती, लघुउद्योग व स्टार्टअप यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये व इतरांना ९,००० रुपये आहे. उत्पादक कंपनीने उद्यम नोंदणी करून घेतली असल्यास लघुउद्योग म्हणून तिलाही सवलत मिळते. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. असे एकूण ४५ वर्ग आहेत. ताजी फळे वर्ग ३१ मध्ये, वाळवलेली व टिकविलेली फळे वर्ग २९ मध्ये, तर तांदूळ वर्ग ३० मध्ये येतो. तेव्हा चिकूचे काप व कोलम तांदूळ एकाच नावाने विकणाऱ्यास दोन वर्गांचे शुल्क पडेल. ताज्या फळाचा वर्ग निवडून वाळवलेल्या मालावर हक्क सांगू गेल्यास नोंदणीचा उपयोग होत नाही. नाव आधीपासून वापरात असल्यास तसे शपथपत्र व पुरावा जोडावा लागतो, म्हणून जुनी बिले व लेबले जपून ठेवावीत.

अर्ज दाखल होताच क्रमांक मिळतो. पुढे कार्यालय तपासणी करून अहवाल पाठविते. त्यात हरकत असल्यास एक महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे समजले जाते. हरकतींचे निवारण झाल्यावर नाव व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते व त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणासही विरोध नोंदविता येतो. नोंदणी झाली म्हणजे तिची मुदत अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे असते. अर्ज लवकर करण्यात हाही फायदा आहे.

ऑनलाइन बाजारपेठेत हा क्रमांक कसा उपयोगी पडतो ते आता पाहू. ॲमेझॉनच्या बाजारपेठेत ‘ब्रँड रजिस्ट्री’ नावाची विनाशुल्क व्यवस्था आहे. तेथे नाव दाखल झाल्यावर मालाच्या पानावरील वर्णन व छायाचित्रे यांवर मालकाचे नियंत्रण वाढते आणि दुसऱ्याने नाव वापरल्यास तक्रार करण्याचा सुलभ मार्ग मिळतो. त्यासाठी नाव मालावर किंवा वेष्टनावर पक्के छापलेले असावे लागते. साध्या पुडक्यावर हाताने चिकटविलेली चिठ्ठी पुरत नाही. भारतात प्रलंबित अर्जाचा क्रमांकही तेथे चालतो. तथापि तो अर्ज पुढे नामंजूर झाला, तर त्यावर उभी असलेली नोंदही डळमळते.

या व्यवस्थेत ओळख पटविण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक सामान्यतः व्यापारचिन्हाच्या सरकारी नोंदीत जो संपर्क असेल त्याला पाठविला जातो. अर्ज एजंटामार्फत केला असेल व तेथे त्याचाच ईमेल असेल, तर क्रमांक त्याच्याकडे जातो. तपासणी अहवालाचेही तसेच. एजंटाशी संबंध तुटला की शेतकऱ्याला आपल्याच नावापर्यंत पोहोचणे कठीण होते. यासाठी सही करण्यापूर्वी अर्ज स्वतः वाचावा, मालकाच्या जागी आपलेच नाव आहे याची खात्री करावी व आपला ईमेल आणि दूरध्वनी क्रमांक त्यात घालण्यास सांगावे.

नोंदणी पुरी होईपर्यंत नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे लिहिता येतात. वर्तुळातील ‘आर’ ही खूण मात्र नोंदणीनंतरच छापावी, आधी छापणे कायद्याने दंडनीय आहे. सलग पाच वर्षे व वर तीन महिने नाव वापरले नाही, तर ते रद्द करण्याची मागणी दुसऱ्यास करता येते. दहा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गास ९,००० रुपये असून मुदत संपण्याची तारीख गटाच्या दप्तरात पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.