कानात धडधडतंय? आधी नाडीवर बोट ठेवा

रात्री खोलीत सामसूम असते, तुम्ही कुशीवर वळता, कान उशीला टेकतो आणि आतून आवाज येऊ लागतो: धप्, धप्, धप्. धावत जिना चढल्यावर किंवा अंगात ताप असताना असं थोडा वेळ झालं, तर त्यात विशेष काही नाही. पण स्वस्थ पडल्यावरही आवाज येत असेल, दिवसेंदिवस टिकत असेल आणि तोही एकाच कानात, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून काणाडोळा करू नका.

पहिली तपासणी तुमची तुम्हालाच करता येते. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. कानातला ठोका आणि नाडीचा ठोका बरोबर पडतात का? नेहमीचं ‘कान वाजणं’ वेगळं असतं. त्यात शिट्टी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येते आणि तिचा नाडीशी संबंध नसतो. नाडीशी न जुळणारी टकटक असेल, तर मधल्या कानाचे किंवा टाळूचे छोटे स्नायू फडफडत असू शकतात. ठोके जुळत असतील, तर मात्र तुम्ही बहुधा स्वतःचंच रक्त वाहताना ऐकताय.

हे शक्य होतं, कारण कानाचा शेजारच तसा आहे. मेंदूला दर मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त लागतं. ते वर नेणारी मोठी धमनी कवटीच्या ज्या हाडातून जाते, त्याच हाडात आपला अंतर्कर्ण बसलेला असतो. मेंदूकडून परतणाऱ्या रक्ताचा मोठा मार्गही कानाच्या मागूनच खाली उतरतो. एरवी रक्त संथ वाहतं, मध्ये हाड असतं आणि मेंदूही हा रोजचा आवाज बाजूला सारतो. मग तो ऐकू का येऊ लागतो? ढोबळमानाने तीन कारणं आहेत.

पहिलं, प्रवाहच वाढतो. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचं जास्त काम किंवा गरोदरपण असेल, तर हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे घरापासून लांब राहून चहा-टोस्टवर दिवस काढणाऱ्या मैत्रिणींनो, साध्या रक्ततपासणीत उत्तर सापडू शकतं.

दुसरं, वाट बदलते. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी आवाज करतं, तसंच हे. वय वाढल्यावर मानेतली धमनी आतून चरबी साचून अरुंद होते. तरुणपणी कानामागची शीर अरुंद असणं, तिच्यावरचं हाड पातळ असणं, धमनी आणि शीर यांच्यात नको तो जोड तयार होणं, किंवा क्वचित मधल्या कानात रक्तवाहिन्यांची गाठ असणं, अशी कारणं असू शकतात.

तिसरं, प्रवाह तोच, पण कानाला आतलं जास्त ऐकू येतं. मळाने दडा बसला किंवा पडद्यामागे पाणी साचलं, की बाहेरचे आवाज दबतात आणि आतले उठून येतात. कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड झिजूनही असं होतं. १९९८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी हा विकार मांडला. यात काही जणांना चक्क स्वतःच्या डोळ्यांची हालचालही ऐकू येते!

तरुण वाचकांनी, विशेषतः मुलींनी, एक कारण नीट लक्षात ठेवावं: कवटीच्या आतला दाब वाढणं. अलीकडे वाढलेलं वजन हे याच्याशी अनेकदा जोडलेलं दिसतं. मुरुमांवरच्या काही गोळ्यांमुळेही, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, असं होऊ शकतं. कानातल्या ठोक्यांच्या जोडीला डोकं दुखतं, वाकल्यावर क्षणभर अंधारी येते, कधी एकाची दोन दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटतं, पण डोळ्यांमागच्या नसेला सूज आलेली असू शकते. वेळेत उपचार झाले नाहीत, तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

म्हणून डॉक्टरकडे नुसतं ‘कान वाजतो’ म्हणू नका. ‘माझ्या नाडीबरोबर ठोका ऐकू येतो’ असं स्पष्ट सांगा. कोणता कान, कधीपासून, मान वळवल्यावर आवाज बदलतो का, कोणती औषधं चालू आहेत, हेही सांगा. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कान आणि श्रवणाची तपासणी ठीक निघाली तरी अशा रुग्णाला एमआरआयसारखी तपासणी देऊ करावी. काही वेळा डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून तो आवाज स्वतःही ऐकू येतो. मान स्वतः दाबून प्रयोग करत बसू नका.

आवाज अचानक सुरू झाला आणि सोबत मानेत किंवा डोक्यात तीव्र दुखणं, पापणी पडणं, तोंड वाकडं होणं, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणं किंवा दिसेनासं होणं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीची मदत मागवा. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इतकी गंभीर नसते आणि बरीचशी कारणं उपचारांनी बरी होतात. पण विमा, सुट्टी, परीक्षा अशा सबबींवर हे पुढे ढकलू नका. या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या.