वेग नेमका कोठे अडतो? संगणक जाळ्याच्या तारा आणि त्यांची मानके

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतर येणारे स्थानक म्हणजे वांगणी. अंबरनाथ तालुक्यातील, उल्हास नदीच्या काठी वसलेल्या या गावात दृष्टिहीन व्यक्तींची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी अनेकांचा चरितार्थ उपनगरी गाड्यांत किरकोळ वस्तू विकून चालतो. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र असो, उत्पन्नाचा दाखला असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, या सेवा आज संगणकावरूनच मिळतात. ‘नेट चालत नाही, उद्या या’ हे उत्तर डोळस माणसाला गैरसोयीचे वाटते; दृष्टिहीन माणसाचा मात्र त्यात दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणूनच हा वेग नेमका कोठे अडतो, हे कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बाहेरची जोडणी आणि आतले जाळे

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. ‘भारतनेट’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीस किमान १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेग मिळावा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र हा वेग इमारतीच्या दारापर्यंतचा होय. दारापासून मेजावरील संगणकापर्यंतचा प्रवास कार्यालयातील तारा, जोडपेटी म्हणजे ‘स्विच’ आणि संगणकाचे स्वतःचे जोडकेंद्र यांवर अवलंबून असतो. मुंबईहून कल्याणपर्यंत रेल्वेच्या किमान चार मार्गिका असल्या, तरी वांगणी स्थानकातून दोनच जातात. तेव्हा वांगणीच्या प्रवाशाला गाड्या किती मिळाव्यात, हे या दोन मार्गिकाच ठरवितात. जाळ्याचेही तसेच आहे. त्यातील सर्वांत दुबळा दुवा साऱ्याचा वेग निश्चित करतो.

मानकांची वाटचाल

तारेच्या जाळ्यांत सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीस ‘इथरनेट’ म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये तिचा पाया घातला. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सुमारे ३ मेगाबिट होता. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकावीत, यासाठी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ मध्ये ८०२.३ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात वेग १० मेगाबिटचा होता. १९९० मध्ये हाच वेग पीळ दिलेल्या तांब्याच्या साध्या तारजोड्यांवरून मिळू लागला आणि कार्यालयांतील जाळी स्वस्त झाली. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे व १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरून १,००० मेगाबिटचे, म्हणजे एक गिगाबिटचे, मानक आले. २००६ मध्ये तांब्यावरून १० गिगाबिटचा टप्पा गाठला गेला. जुन्या तारा न बदलता अधिक वेग मिळावा, यासाठी २०१६ मध्ये अडीच व पाच गिगाबिटची मधली मानके निश्चित करण्यात आली.

हे आकडे बिटचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. फाईलचा आकार बाइटमध्ये सांगतात, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. एक गिगाबाइट आकाराचे दप्तर एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायचे झाल्यास १० मेगाबिटच्या जाळ्यावर १३ मिनिटांहून अधिक, १०० मेगाबिटवर ८० सेकंद आणि गिगाबिटवर अवघी ८ सेकंद लागतात. हे हिशेबातले आकडे झाले. प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ जातो.

तारेची निवड

संगणकाच्या तारेत तांब्याच्या चार जोड्या असतात. १० व १०० मेगाबिटच्या मानकांना त्यांपैकी दोनच पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली वा टोकाशी नीट बसली नाही, तर गिगाबिटची जोडणी अनेकदा निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरते किंवा जुळतच नाही. काम मंदावते, परंतु दोष उघडपणे दिसत नाही.

बाजारात ‘कॅट’ या नावाने तारेच्या श्रेणी ओळखल्या जातात. गिगाबिटसाठी कॅट-५ई पुरेशी असते. कॅट-६ वर १० गिगाबिटचा वेग सुमारे ५५ मीटरपर्यंतच मिळतो. पूर्ण १०० मीटरसाठी कॅट-६ए लागते. तांब्याच्या तारेची मर्यादा या सर्व मानकांत १०० मीटरच आहे. शाळेच्या दोन इमारती याहून दूर असतील, तर मध्ये ऑप्टिकल फायबर घालावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नसल्याने पावसाळ्यात विजेचा आघात त्यावाटे एका इमारतीतून दुसरीत जात नाही, हा तिचा आणखी एक लाभ. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण ती या मानकांत बसत नाही. निविदेत ‘शुद्ध तांबे’ हे शब्द स्पष्ट लिहावेत.

गरजेनुसार खर्च

बाहेरची जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर आत गिगाबिटचा स्विच बसविल्याने संकेतस्थळे अधिक वेगाने उघडणार नाहीत. मग गिगाबिट कशासाठी? आतल्या आत होणाऱ्या कामासाठी. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात रुळावर पडलेल्या एका दृष्टिहीन मातेच्या बालकास पॉइंट्समन मयूर शेळके यांनी येणाऱ्या गाडीसमोरून वाचविले. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले. असे कॅमेरे आता शाळांत व कार्यालयांतही बसविले जातात. एका कॅमेऱ्यास ४ मेगाबिट लागतात असे धरले, तर २४ कॅमेरे मिळून ९६ मेगाबिट होतात. १०० मेगाबिटच्या मुख्य तारेवर मग दाखल्यांच्या कामाला जागा उरत नाही. गिगाबिटवर हा भार जाणवतही नाही. नव्याने तारा घालणाऱ्या शाळेने वा पंचायतीने म्हणूनच गिगाबिटचे स्विच आणि कॅट-६ तार घेणे हिताचे ठरते. १० गिगाबिटचा खर्च मात्र लहान कार्यालयास अनाठायी होय.

नवी खरेदी करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. संगणकाच्या जाळे-विभागात जोडणीचा वेग १०० दिसतो की १,०००? स्विच कोणत्या मानकाचा आहे? तारेची टोके घट्ट बसली आहेत काय? पुष्कळदा दोष दूरच्या सर्व्हरमध्ये नसून मेजाखालच्या तारेत सापडतो. ती तार वेळीच बदलली, तर दारात आलेल्या माणसाला ‘उद्या या’ असे सांगण्याचा प्रसंग एकदा तरी कमी होईल.