तीस पानांची जुळणी : हार्थस्टोनमधील विजयी संच कसा घडतो?

२०१८ साली जकार्ता येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा प्रथमच प्रात्यक्षिक क्रीडाप्रकार म्हणून समावेश करण्यात आला. त्यातील हार्थस्टोन या खेळात गुजरातमधील भूजचा खेळाडू तीर्थ मेहता याने भारताला कांस्यपदक मिळवून दिले. प्रात्यक्षिक प्रकार असल्याने हे पदक अधिकृत पदकतालिकेत धरले गेले नाही. मात्र संगणकाच्या पडद्यावरील पत्त्यांच्या या खेळाकडे देशातील अनेकांचे लक्ष त्यामुळेच प्रथम वेधले गेले.

मेंढीकोट किंवा रमी खेळताना सर्व खेळाडूंना एकाच जोडातील पाने वाटली जातात. आलेल्या पानांवर डाव कसा साधायचा, एवढेच खेळाडूच्या हाती असते. हार्थस्टोनमध्ये प्रत्येक खेळाडू स्वतःचा जोड स्वतःच बांधून आणतो. त्यामुळे निम्मा डाव पहिली उतारी होण्यापूर्वीच खेळला गेलेला असतो, असे म्हणता येईल.

खेळाची रचना

ब्लिझार्ड एन्टरटेन्मेंट या अमेरिकी कंपनीने मार्च २०१४ मध्ये हा खेळ अधिकृतरीत्या सर्वांसाठी खुला केला. काही विशेष पानांचा अपवाद वगळता संच तीस पानांचा असतो. एकाच पानाच्या जास्तीत जास्त दोन प्रती संचात ठेवता येतात. सर्वांत दुर्मीळ अशा ‘लेजेंडरी’ पानाची मात्र एकच प्रत चालते. पानांमध्ये प्रामुख्याने सैनिक, मंत्र आणि शस्त्रे असे प्रकार असून, प्रत्येक पान खेळण्यासाठी ‘मॅना’ नावाची ठरावीक शक्ती खर्च करावी लागते. पहिल्या खेपेस एक, दुसऱ्या खेपेस दोन, याप्रमाणे ही शक्ती दहापर्यंत वाढत जाते. प्रतिस्पर्धी नायकाचे प्राणबल, जे साधारणतः तीस गुणांचे असते, शून्यावर आणणारा खेळाडू विजयी ठरतो.

प्रथम उद्दिष्ट, मग पाने

नवखा खेळाडू आपल्याजवळील सर्वांत प्रभावी तीस पाने एकत्र करतो आणि पराभूत होतो. अनुभवी खेळाडू आधी एकच प्रश्न विचारतो : हा संच डाव जिंकणार कसा? आक्रमक संच स्वस्त सैनिकांच्या बळावर पहिल्या काही खेपांतच डाव संपवू पाहतो. बचावात्मक संच प्रतिस्पर्ध्याचे सैनिक निकामी करीत डाव लांबवतो आणि अखेरीस भारी पानांनी जिंकतो. तिसऱ्या प्रकारात दोन-तीन पानांच्या एकत्रित परिणामावर सारी भिस्त असते आणि उरलेली पाने ती हाती येईपर्यंत तग धरण्यासाठी असतात. या उद्दिष्टाला मदत न करणारे पान कितीही प्रभावी असले, तरी ते त्या संचात अडगळ ठरते.

खर्चाचा मेळ

दुसरा निकष मॅनाच्या हिशेबाचा. पहिल्या सहा खेपांत खेळाडूस एकूण २१ मॅना मिळतात. हातातील प्रत्येक पान सात मॅनाचे असेल, तर या खेपांत एकही पान खेळता येत नाही आणि तोपर्यंत प्रतिस्पर्ध्याने पट व्यापलेला असतो. म्हणून संचात स्वस्त, मध्यम आणि महाग पानांचे प्रमाण असे ठेवले जाते, की प्रत्येक खेपेस खेळण्याजोगे काहीतरी हाती असावे. आक्रमक संचात हा तोल स्वस्त पानांकडे झुकतो, तर बचावात्मक संचात महाग पानांनाही जागा मिळते.

हे प्रमाण अंदाजाने ठरवावे लागत नाही. साधे गणित त्यासाठी पुरेसे आहे. पहिली खेळी करणाऱ्या खेळाडूस आरंभी तीन पाने मिळतात आणि प्रत्येक खेपेस एक नवे पान येते. म्हणजे दुसऱ्या खेपेपर्यंत त्याने पाच पाने पाहिलेली असतात. संचात एकच प्रत असलेले पान तोपर्यंत हाती येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. दोन प्रती असल्यास त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता ३१ टक्क्यांवर जाते. दोन मॅनाची सहा पाने असतील, तर त्यांपैकी एक तरी मिळण्याची शक्यता ७० टक्के आणि आठ असतील तर ८२ टक्के होते.

आरंभीची नको असलेली पाने एकदा बदलून घेण्याची मुभाही खेळात आहे. दोन प्रती असलेल्या एखाद्या पानासाठी, ते न आल्यास तिन्ही पाने बदलली, तर ३१ टक्क्यांची शक्यता सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत वाढते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. महत्त्वाच्या पानाच्या दोन्ही प्रती घेणे हिताचे असते, आणि एकाच प्रतीच्या दुर्मीळ पानावर डावाचा आरंभ अवलंबून ठेवणे धोक्याचे असते.

नवी पाने ओढण्यास मदत करणारी पाने हा संचाचा आणखी एक आधार होय. ती नसल्यास हात लवकर रिकामा होतो. मात्र त्यांचाही अतिरेक चालत नाही. संच संपल्यावर पान ओढण्याच्या प्रत्येक प्रयत्नास अनुक्रमे एक, दोन, तीन असे वाढते नुकसान सोसावे लागते. अशा पाच प्रयत्नांत पंधरा गुण, म्हणजे नायकाचे निम्मे प्राणबल खर्ची पडते.

एक संच नव्हे, चमू

स्पर्धेच्या पातळीवर एक उत्तम संच पुरेसा नसतो. ‘कॉन्क्वेस्ट’ नावाच्या पद्धतीत खेळाडू वेगवेगळ्या वर्गांच्या नायकांचे अनेक संच घेऊन उतरतो. प्रतिस्पर्धी त्यांपैकी एक बाद करतो आणि उरलेल्या प्रत्येक संचाने किमान एक डाव जिंकावा लागतो. त्यामुळे तीन संच बलवान आणि एक दुबळा असला, तर सामना त्या दुबळ्या संचावर अडतो. म्हणून सर्व संच एकाच प्रकारच्या प्रतिस्पर्ध्याला भारी पडतील असे निवडले जातात आणि ज्या संचापुढे त्यांचे काही चालत नाही, तोच बाद केला जातो. येथे संघनिवडीचाच न्याय लागू पडतो.

पैशाचा प्रश्न

खेळ विनामूल्य असला, तरी नवी पाने असलेली पाकिटे पैसे देऊनही घेता येतात आणि पाकिटात काय निघेल हे आधी कळत नाही. नको असलेली पाने मोडून मिळणाऱ्या ‘डस्ट’मधून हवे ते पान तयार करता येते; परंतु एक लेजेंडरी पान घडवण्यास १६०० डस्ट लागतात आणि तेच पान मोडल्यास ४०० मिळतात. साध्या पानाच्या बाबतीत हे आकडे ४० आणि ५ असे आहेत. म्हणजे चुकीच्या निवडीत किमान तीन चतुर्थांश मोल बुडते. शिवाय ‘स्टँडर्ड’ या प्रमुख प्रकारातून दरवर्षी जुने संग्रह बाहेर काढले जातात. २०२१ पासून काही मूलभूत पाने सर्वांना विनामूल्य मिळतात, ही जमेची बाजू होय.

ही पाने कंपनीच्या सर्व्हरवरच असतात, हेही विसरून चालणार नाही. परवाना करार संपल्याने जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील सेवा बंद पडली आणि तेथील खेळाडूंचे संग्रह सप्टेंबर २०२४ पर्यंत निरुपयोगी झाले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे पार पडलेल्या आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमातूनही हार्थस्टोन वगळण्यात आला.

म्हणून नवोदितांनी प्रथम एकाच वर्गाचा, स्वस्त पानांचा संच बांधणे श्रेयस्कर. त्यावर पुरेसे डाव खेळावेत, कोणते पान वारंवार हातात पडून राहते याची नोंद ठेवावी आणि एका वेळी एकच पान बदलावे. एकदम पाच पाने बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली, हे कळत नाही. दुर्मीळ पानासाठी पैसे किंवा डस्ट खर्च करण्याचा विचार त्यानंतर करावा, कारण संचाला नेमकी कशाची उणीव आहे, हे तोवर खेळाडूस समजलेले असते.