कोणत्या शाखेचा डॉक्टर?

मुलगा वा मुलगी डॉक्टर होणार म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, 'कोणत्या शाखेत मिळकत अधिक?' शहरात क्ष-किरणशास्त्र व त्वचारोग या शाखांना भाव आहे. परंतु काळी नदीच्या रानातील आमच्या जोयडा तालुक्यात अडलेल्या बाळंतिणीस प्रसूतितज्ज्ञ हवा, आणि शस्त्रक्रिया करावयाची तर भूलतज्ज्ञही. एकावाचून दुसऱ्याचा हात चालत नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी होते. तज्ज्ञाने पगार सांगावा व सरकारने तो द्यावा, अशी सवलतही राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्यांना आहे. कारवारात २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाणाऱ्या मुलांस, पालकहो, दुसराही प्रश्न विचारा: 'कोणत्या शाखेवाचून आपली माणसे अडतात?'