कोंबड्यांना शेवाळ खाऊ घालायचं का? आधी हिशोब बघा

स्पिरुलिना आणि अझोलाच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, आकडे भराभर सांगावे लागले. म्हणून इथे निवांत लिहितो. वही-पेन घेऊन बसा. पशुखाद्याच्या दुकानात मी स्वतः ही पावडर विकतो, त्यामुळे मी तिची फक्त तारीफ केली तर तुम्ही संशय घेतलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे अझोलाला सर्रास शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नाही. ती पाण्यावर तरंगणारी छोटी नेचे वर्गातली वनस्पती आहे. तिच्या पानांत ॲनाबीना नावाचं निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र पकडून देतं, म्हणून अझोला एवढ्या वेगाने वाढतं. स्पिरुलिना मात्र खुद्द निळं-हिरवं शेवाळ. त्याला खारं, क्षारयुक्त पाणी लागतं, ज्याचा सामू ९ ते १०.५ असतो. अशा पाण्यात बाकीचं फारसं काही जगत नाही, हाच त्याचा फायदा.

असं पाणी बघायचं तर लांब जायला नको. आपल्या शहरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास लोणारचं सरोवर आहे. तिथल्या पाण्याचा हिरवा रंग अशाच शेवाळांचा. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. फ्लेमिंगोच्या पिसांचा गुलाबी रंगही अशाच खाण्यातून येतो. तुमच्या अंड्यातल्या बलकाचं अगदी तेच आहे. कोंबडी रंग स्वतः तयार करत नाही, खाण्यातून घेते. (लोणारचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडा. ते अभयारण्य आहे.)

आता हिशोब. समजा तुमच्याकडे करमाड किंवा फुलंब्रीकडे १०० अंड्यावरच्या कोंबड्या आहेत. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे १०० कोंबड्या ११ किलो. खाद्यात १७ टक्के प्रथिनं धरली तर रोजची गरज १,८७० ग्रॅम प्रथिनं.

अझोला घेऊ. प्रत्येकीला २० ग्रॅम ताजं अझोला दिलं तर रोज २ किलो लागेल. पण ताज्या अझोलात ९४ टक्के पाणीच असतं. २ किलोत कोरडा माल १२० ग्रॅम. त्यात २५ टक्के प्रथिनं धरा, झाली ३० ग्रॅम. १,८७० पैकी ३०. दोन टक्केसुद्धा नाही! आणि मोबाईलवर लोक सांगतात, ‘अझोला लावा, खाद्याचा खर्च निम्मा करा.’ कुठून होणार निम्मा? ‘प्रथिनं २५ टक्के’ हा आकडा खरा आहे, पण तो वाळलेल्या अझोलाचा आहे. ओल्या टोपलीवर तो लावला की माणूस फसतो.

बरं, पावडरकडे या. स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात, तीही वाळलेल्या पावडरीत. खाद्यात १ टक्का मिसळली तर रोज ११० ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण ६६ ग्रॅम प्रथिनं. गरजेच्या साडेतीन टक्के. म्हणजे प्रथिनांसाठी दोन्हींचा उपयोग नगण्य. ते काम सोयाबीन पेंडीचंच आहे, आणि पेंड कितीतरी स्वस्त पडते.

मग द्यायचं कशाला? रंगद्रव्यं आणि जीवनसत्त्वांसाठी. स्पिरुलिनात बीटा-कॅरोटीन, झियाझँथिन आणि फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं. बलक गडद होतो, हे नक्की. प्रतिकारशक्ती वाढते, वाढ सुधारते असं काही प्रयोगांत दिसलंय, काहींत फारसा फरक पडलेला नाही. प्रमाण फार वाढवलं तर उलट वाढ खुंटते, म्हणून अर्धा ते दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. अझोलाचा अजून एक फायदा मी ग्राहकांच्या शेडवर पाहिलाय. हिरवं टाकलं की कोंबड्या त्यात गुंततात, एकमेकींना टोचणं कमी होतं.

जगभर या शेवाळाचा शोध का चाललाय तेही समजून घ्या. युरोपने २००६ पासून वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविकं द्यायला बंदी घातली. आपल्या सरकारनेही २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांसाठी बंद केलं. प्रतिजैविकांशिवाय पक्षी तंदुरुस्त ठेवायचा तर पर्याय हवेत, आणि शेवाळ त्यातला एक आहे. पण लसीला ते पर्याय नाही! मानमोडी, गंबोरो, देवी यांच्या लसी पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकानुसारच झाल्या पाहिजेत. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. तसल्या वेळी पावडरचं पाकीट काही करू शकत नाही. जाळी, चुना, शेडच्या दारात पाय बुडवायची टाकी, बाहेरच्या माणसाला बंदी, तिथे पैसे आधी घाला.

आता पैसे. पावडरचा भाव प्रतीप्रमाणे खूप बदलतो. हिशोबासाठी मी ५०० रुपये किलो धरतो, तुम्ही तुमचा भाव टाका. ११० ग्रॅमचे रोज ५५ रुपये. १०० कोंबड्यांची ७० अंडी आली तर अंड्यामागे ७८-७९ पैसे खर्च वाढला. तुम्ही ठोक व्यापाऱ्याला बाजारभावाने अंडी देत असाल तर विषय संपला, नका घालू. गडद बलकाचा एक पैसा तो जास्त देणार नाही. पण सिडको, गारखेड्यात घरपोच गावरान अंडी देत असाल, ग्राहक तुम्हाला नावाने ओळखत असेल, तर अंड्याला रुपया-दीड रुपया जास्त मागता येतो. तिथे हे बसतं.

अझोलाला पैसा कमी लागतो, पाणी जास्त. सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद वाफ्यात सिलपॉलिन कागद, १० ते १५ किलो चाळलेली माती, दोन किलो शेण, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १० सेंटीमीटर पाणी. एका वाफ्याला सुमारे ३३५ लिटर. जमलं तर रोज अर्धा किलो निघतं. म्हणजे २ किलोसाठी चार वाफे, साडेतेराशे लिटर पाणी, वर दर दहा दिवसांनी पाव पाणी बदलायचं. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगायला नको. शिवाय ३५ अंशांच्या वर अझोला दमतं आणि आपला मे महिना ४० ओलांडतो. शेडनेट नसेल तर उन्हाळ्यात नादाला लागू नका. विहीर असेल तर जून-जुलैत सुरू करा. काढल्यावर दोन पाण्याने धुवा, शेणाचा वास गेला की मगच टाका.

एक कळकळीची विनंती. हर्सूल तलाव असो, सलीम अली सरोवर असो की गावचा पाझर तलाव, हिरवी साय दिसली म्हणून उचलून आणू नका. उघड्या पाण्यात मायक्रोसिस्टिस नावाचं शेवाळही असतं. ते विषारी असतं, त्याने गुरं मेल्याची उदाहरणं जगभर आहेत. डोळ्यांना फरक कळत नाही. सांडपाण्यात अझोलाही वाढवू नका, ते जड धातू शोषून घेतं.

पावडर घेताना लॉटनिहाय तपासणी अहवाल मागा. प्रथिनं, जड धातू, मायक्रोसिस्टिन हे तीन आकडे त्यात हवेत. दुकानदार टाळाटाळ करत असेल, अगदी मी असलो तरी, उठून जा. आणि ‘टाकी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्याचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कडकनाथच्या नावाखाली लोकांचे पैसे असेच अडकले होते.

करून बघायचंच असेल तर ५०-५० कोंबड्यांचे दोन भाग करा. वय, जात, शेड सारखं ठेवा. एका भागाला पावडर, दुसऱ्याला नेहमीचं खाद्य, सहा आठवडे. ५५ ग्रॅम रोज, ४२ दिवस, म्हणजे २ किलो ३१० ग्रॅम. आपल्या धरलेल्या भावाने ११५५ रुपये. पावडर आधी किलोभर भरड्यात मिसळा, मग तो भरडा बाकीच्या खाद्यात, नाहीतर काही कोंबड्यांना सगळं जातं आणि काहींना काहीच नाही. उकळू नका, उष्णतेने निळं रंगद्रव्य मोडतं. डबा घट्ट आणि अंधारात ठेवा.

वहीत चार रकाने पाडा: अंडी, खाद्य, मर, बलकाचा रंग. दर रविवारी दोन्ही भागांतली तीन-तीन अंडी पांढऱ्या ताटलीत फोडून शेजारी शेजारी फोटो काढा. अझोलाचं बियाणं आणि सल्ला पैठण रोडच्या किंवा गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, जायच्या आधी फोन करून.