पित्ताची गोळी आणि छातीतली जळजळ

नांदेड-लातूरकडे छातीत जळजळ झाली किंवा करपट ढेकर आला, की 'पित्त झालं' असे म्हणतात. अंगावर गांधी उठल्या तरी शब्द तोच, आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसाचे नावही तेच. वस्तुतः छातीतली जळजळ बहुतेक वेळा या रसाची नसून जठरातील आम्लाची असते. 'माधवनिदान' या प्राचीन वैद्यकग्रंथाने 'अम्लपित्त' हा स्वतंत्र विकार मानला आणि त्याचे ऊर्ध्वग म्हणजे वर चढणारे व अधोग म्हणजे खाली जाणारे असे दोन प्रकार सांगितले, ही नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वेढे असते. घास उतरताना ते सैल होते आणि लगेच आवळते. ते अवेळी सैल पडले, की आम्ल वर येते, आणि जठराला असलेले श्लेष्माचे जाड अस्तर अन्ननलिकेला नसल्यामुळे तिचा दाह होतो. ठेच्याने काहींना त्रास होतो हे खरे, परंतु दुकान बंद करून रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणे आणि तंबाखू, जिच्यातील निकोटिन हे वेढे सैल करते, यांचा दोष अधिक मोठा आहे. लातुरात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांच्या जागरणालाही, जेवण व झोप यांत अंतर उरत नसेल तर, हेच लागू पडते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकणे, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवणे आणि डाव्या कुशीवर झोपणे यांनी पुष्कळांना आराम पडतो.

खायच्या सोड्याने आम्ल घटकाभर शमते, पण त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते. पँटोप्राझोलसारखी 'पित्ताची गोळी' आम्ल तयार करणाऱ्या पेशींचे कामच रोखते. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते, आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य नाही, कारण दीर्घ वापराने ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच ही दुर्बिणीने तपासणी करून घेण्याची लक्षणे होत.

छातीतल्या दुखण्याबरोबर दरदरून घाम फुटला, धाप लागली किंवा कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे गेली, तर ते पित्त समजून घरी थांबू नये; तडक जवळचे रुग्णालय गाठून आधी ईसीजी काढून घ्यावा.